फर्लांग, चेन आणि आपला गुंठा

वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावरच्या 'साखळी'बद्दल इथे एक प्रश्न आलाय. त्यावर एकांनी अंतराच्या जुन्या मापाबद्दल, 'फर्लांग म्हणजे 220 यार्ड', एवढंच सांगितलंय. बरोबर आहे, पण शब्दाची खरी गंमत उगमात आहे. जुन्या इंग्रजीत 'फर' म्हणजे नांगराचं तास आणि 'लांग' म्हणजे लांब. नांगराचं एक लांब तास, तो फर्लांग. तासगावकडे आमचे आजोबा अंतर फर्लांगातच सांगायचे. हा शब्द मुळात शेतकऱ्याचाच आहे, हे त्यांना कळलं असतं तर फार बरं वाटलं असतं!

आता चेन. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास जमीन मोजायची 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी, म्हणजेच चेन, ठरवली. अशा 10 चेन म्हणजे एक फर्लांग, 80 चेन म्हणजे एक मैल. एक फर्लांग लांब आणि एक चेन रुंद पट्टा म्हणजे बरोबर एक एकर. हिशोब करून बघा, 660 गुणिले 66, 43,560 चौरस फूट.

आणि आपला गुंठा? 33 बाय 33 फूट, म्हणजे अर्ध्या चेनचा चौरस. असे 40 गुंठे झाले की तोच एकर.

मूळ प्रश्नात वडिलोपार्जित कागदावरच्या 'साखळी'बद्दल विचारलंय. तिथे घाई करू नका. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत 33 फुटांची, 16 आण्यांची (म्हणजे 16 सारख्या भागांची) साखळीही होती, आणि इंजिनियर लोकांची 100 फुटांची वेगळीच. कागदात पुढे 'आणे' लिहिलेत का, ते आधी बघा.