मामा तलावातील गाळ काढण्याच्या ठरावाबाबत मदत हवी आहे

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावात एक माजी मालगुजारी (मामा) तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेला तलाव असून, तो जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे. त्यातील गाळ काढण्याचे काम यंदाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावे, अशी मागणी महिला सभेने आधीच केली आहे; गाळ स्वखर्चाने शेतात वाहून नेण्यास शेतकरीही तयार आहेत. मात्र ग्रामसभेसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती (किमान उपस्थिती) लागते आणि ती न झाल्याने सभा तहकूब झाली. दवंडी दिली, घरोघरी सूचनाही पोहोचवल्या; पण धान कापणीच्या दिवसांत सभा ठेवली, तर वेगळे काय होणार?

तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. अडचण निधीची आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच्या) निधीतून पेयजल, पर्जन्यजल संधारण, पाण्याचा पुनर्वापर आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येतो, तर अबंधित (अशी अट नसलेला) निधी रस्त्याच्या कामात गुंतला आहे. या तलावामुळेच गावच्या नळयोजनेच्या विहिरीला पाणी टिकते, म्हणून हे काम बंधित निधीत बसावे, असे आम्हांस वाटते. लोकवर्गणी शक्य आहे, पण यंत्राचे भाडे त्यातून निघणार नाही.

असे काम कोणत्या ग्रामपंचायतीने बंधित निधीतून केले असल्यास, ठरावातील शब्दरचना कशी होती आणि जिल्हा परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र ठरावाआधी घेतले होते की नंतर?