मदत हवी आहे: ‘इंद्र जिमि जंभ पर’मधलं अंत्ययमक नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी, कवी भूषणांनी शिवाजी महाराजांवर रचलेल्या ‘इंद्र जिमि जंभ पर’ या कवित्ताच्या रचनेवर नववीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. एका जागी अडले आहे.

छंदाची शंका नाही. मनहरण कवित्त, म्हणजे घनाक्षरी: ओळीत 31 अक्षरं, लघु-गुरूचं बंधन नाही, फक्त शेवटचं अक्षर गुरू. ‘इंद्र जिमि जंभ पर, बाडव सुअंभ पर, रावन सदंभ पर, रघुकुलराज हैं’, म्हणजे 8, 8, 8, 7. चारही ओळी मोजल्या, एक अक्षर इकडचं तिकडे नाही! आतली यमकंही लख्ख आहेत: जंभ-सुअंभ-सदंभ, पुढे बारिबाह-रतिनाह-सहस्रबाह. प्रत्येकामागे ‘पर’, एकूण 12 वेळा. म्हणताना तो घणासारखा पडतो.

अडचण ओळींच्या शेवटाची. रघुकुलराज हैं, द्विजराज हैं, मृगराज हैं, सिवराज हैं. ‘हैं’ बाजूला काढलं तरी ‘राज’ हा शब्दच चारदा येतो. त्याआधीचे कुल, द्विज, मृग, सिव जुळत नाहीत. मग याला अंत्ययमक म्हणायचं, की ‘राज हैं’ गझलेतल्या रदीफसारखं (शेरांच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द) धरायचं? रदीफ मानलं तर काफिया, म्हणजे रदीफच्या आधी येणारं यमक, कुठे? मला ही पुनरुक्ती मुद्दाम केलेली वाटते, कारण राम (रघुकुलराज), परशुराम (द्विजराज), सिंह (मृगराज) यांच्या पंक्तीत शेवटी शिवराय येऊन बसतात. पण मुलांना शास्त्रात बसेल असं नाव सांगायला हवं. इथे लाटानुप्रास (तोच शब्द त्याच अर्थाने, पण वेगळ्या अन्वयाने पुन्हा येणं) लागू होतो का?

ब्रज भाषेतलं काव्यशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, शक्य झाल्यास दुसऱ्या एखाद्या कवित्ताच्या उदाहरणासह.