कोळंबीच्या सालींवर वाढवलेली ट्रायकोडर्मा वांग्याच्या मर रोगावर चालेल का?

प्रश्न (हर्णै परिसरातील बागायतदार):
आमच्याकडे कोळंबी सोलल्यावर डोकी आणि साली टोपल्या भरभरून फेकल्या जातात. माझ्या वांग्याच्या वाफ्यात खोडाशी पांढरी बुरशी येते, तिच्यावर मोहरीएवढे तपकिरी दाणे धरतात आणि चार दिवसांत झाड मान टाकते. सालींवर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वाढवून ते पाणी गाळून बुंध्याशी ओतले तर उपयोग होईल का? सुपारीच्या कोळेरोगावरही (कोवळी सुपारी कुजून गळण्याचा रोग) ते वापरण्याचा विचार आहे.

उत्तर १:
ही स्क्लेरोशियम बुरशी दिसते. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा चिवट पदार्थ असतो आणि कोळंबीच्या सालीतही तेच असते. त्यामुळे सालीवर पोसलेली ट्रायकोडर्मा कायटिन पचवण्यासाठी जे कायटिनेज विकर (एन्झाइम) बाहेर सोडते, तेच रोगाच्या बुरशीच्या तंतूंवरही चालते. मात्र द्रावणात गूळ घालू नका, कारण सोपी साखर मिळाली की ट्रायकोडर्मा हे विकर बनवण्यात हात आखडता घेते. दाण्यांचे काळपट कवच मात्र विकराला सहजी दाद देत नाही, म्हणून रोगट झाड भोवतालच्या मातीसकट उचलून शेताबाहेर न्यावे.

उत्तर २:
कोळेरोगाबाबत ही अपेक्षा ठेवू नये. तो फायटोफ्थोरामुळे होतो, आणि हा जीव बुरशीसारखा दिसला तरी त्याची भित्तिका मुख्यतः ग्लुकन व सेल्युलोजची असते. कायटिनच जवळजवळ नसेल तर कायटिनेजने कापायचे काय? तेथे पावसाळ्यापूर्वी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो चुना, फवारणी हाच भरवशाचा उपाय आहे.

उत्तर ३:
गाळलेल्या पाण्यावर मी तरी विसंबणार नाही. विकर हे प्रथिन आहे आणि मातीतले जिवाणू ते लवकरच फस्त करतात. जिवंत बुरशी मुळांशी राहिली तर ती विकर पुन्हा पुन्हा बनवते. मी साली गोड्या पाण्याने धुऊन, कडक वाळवून (कावळ्यांपासून राखण करणे हेच खरे काम!) त्यांचा भुगा कुजलेल्या शेणखतात मिसळतो, वर ट्रायकोडर्मा घालून ढीग गोणपाटाखाली ओलसर ठेवतो. पहिल्या वर्षी ओल्या साली थेट रोपांशी पुरल्या होत्या. त्या कुजताना अमोनियाचा उग्र वास सुटला आणि कोवळी मुळे करपली.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वांग्यासाठी ढीग लावतो, सुपारीला बोर्डोच फवारतो. भुगा शेणखताच्या मानाने किती घ्यावा?

उत्तर ३:
मी दहा घमेली खताला एक घमेले घेतो. ढिगाला वास येऊ लागला तर तेवढेही जास्त झाले असे समजावे.