आतड्याची सूज: डबीतले जंतू की ताटातले तंतू?

फोंड्याची ताई (धागाकर्ती)
भावाला ३ वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) निघाला. सूज कमी करणारं मेसालामिन हे औषध चालू आहे, शौचातून रक्त जायचं थांबलंय. आता भेटायला येणारा प्रत्येक जण प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची, डबी घेऊन येतो. मला हे अजिबात पटत नाही. ते पैसे भाजीबाजारात घाला. मोठ्या आतड्यातले जंतू अन्नातले तंतू (फायबर) आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. तंतू मिळाले नाहीत तर काही जंतू अस्तरावरचा श्लेष्माचा थरच खायला लागतात. २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगात ते दिसलं. आमच्याकडे आता तांबडी भाजी, अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक म्हणजे रस्सा, आणि पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोळी, म्हणजे कोंडा लावलेला पाव.

म्हापसेकर
ताई, 'तंतू वाढवा' असं सरसकट लिहू नका, कळकळीने सांगतो. मला क्रोन्स आहे, हाही आतड्याच्या सुजेचाच आजार, लहान आतड्याचं शेवटचं टोक अरुंद झालंय. गेल्या चवथीला मिश्र भाज्यांचं खतखतं खाल्लं. शेवग्याची शेंग, कणसाचा तुकडा, सगळं आवडीने चावून. रात्री पोट नगाऱ्यासारखं ताणलं, हिरव्या उलट्या, ३ दिवस नाकात नळी. अरुंद जागी चोथाच अडकला होता. तुमच्या भावाला जे मानवतं ते मला इस्पितळात पोचवतं.

मडगावचा औषधवाला
डबीबद्दल बोलतो. सगळ्या डब्या एका मापाने मोजू नका. ई. कोलाय निस्ले १९१७ हा जंतू पहिल्या महायुद्धातल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा काढला. २००४ च्या चाचणीत कोलायटिस शांत ठेवण्यात तो मेसालामिनच्या जवळपास बरोबरीला आला. जंतूची जात महत्त्वाची, नुसतं 'प्रोबायोटिक' म्हणणं म्हणजे 'गोळी' म्हणण्यासारखं.

फोंड्याची ताई
बाब, मग मला सांगा, आमच्या घरी आलेल्या ४ डब्यांपैकी एकीतही निस्ले का नाही? आणि २०२० साली अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं की कोलायटिस आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिक संशोधनाच्या चाचणीपुरतीच वापरा. उलट १९९९ च्या स्पेनमधल्या चाचणीत इसबगोलाच्या बियांनी कोलायटिस वर्षभर मेसालामिनइतकाच शांत राहिला. म्हापसेकर, तुमचं मात्र मान्य. अरुंद जागा असेल त्याने माझं ऐकू नये, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

माशेलची काकी
पण आपल्या सान्नांत (वाफवलेल्या इडलीसारख्या) सूर, म्हणजे माडाची ताडी, असते ना? ते जंतू तर घरचेच.

मडगावचा औषधवाला
काकी, पीठ फुगवतात ते जंतू वाफेत मरतात. सान्नां जरूर खा, पण जिवंत जंतू हवे असतील तर घरचं ताक. ताई, इसबगोलाची ती चाचणी लहान होती आणि आजार शांत असलेल्यांवर होती. उद्या भावाला पुन्हा रक्त पडलं तर कोंड्याची पोळी ताटातून काढा, उकड्या तांदळाची पेज मऊ शिजवून द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.

फोंड्याची ताई
पेज रोज अकराला असतेच. डब्या मात्र परत करणार आहे.