सुलभभारतीच्या तासाला स्मार्ट बोर्ड आहे, पण मुले बोलत नाहीत

प्रश्न : मराठी शिक्षिका, ठाणे

नमस्कार. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना ‘सुलभभारती’ हे मराठीचे पाठ्यपुस्तक शिकवते. घरी मराठी बोलणारी मुले वर्गात निम्म्याहून कमी आहेत. बाकीच्यांच्या घरी हिंदी, गुजराती, तमिळ किंवा मल्याळम बोलली जाते. शाळेने वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड बसवले आहेत आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावरचे साहित्यही हाताशी असते, त्यामुळे साधने नाहीत अशी माझी तक्रार नाही. चित्रफीत लावली की मुले मन लावून पाहतात. ती संपल्यावर मात्र ‘आता हीच गोष्ट तुझ्या शब्दांत सांग’ असे म्हटले, की एखादे वाक्य हिंदीच्या वळणाने येते, एखादे पुस्तकातले जसेच्या तसे येते आणि मग शांतता पसरते. कवितांच्या चाली सर्वांना पाठ आहेत, अर्थ विचारला की माना खाली जातात.

तंत्रज्ञानाचा उपयोग करून मुले स्वतः बोलू आणि लिहू लागतील असे उपक्रम कोणी वर्गात प्रत्यक्ष राबवले असतील, तर कृपया तपशिलाने सांगावे. मुलांना मोबाइल आणण्याची परवानगी नाही. संगणक कक्ष आठवड्यातून एकदा मिळतो.

उत्तर : जिल्हा परिषद शिक्षक, नंदुरबार

मॅडम, आमच्याकडे परिस्थिती आपल्या अगदी उलट आहे. सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर मुलांची भाषा पावरी, पुस्तक मराठी आणि मोबाइलला रेंज मिळाली तर मिळाली. तरीही अडचण एकच आहे असे मला वाटते : मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण वर्गात त्यांना ते विचारले जात नाही.

आम्ही शिक्षकाच्या फोनमधला ध्वनिमुद्रक वापरतो. त्याला इंटरनेट लागत नाही. मूल आजीकडून ऐकलेली गोष्ट आधी पावरीत सांगते आणि आम्ही ती मुद्रित करून वर्गाला ऐकवतो. मग सगळी मुले मिळून एकेक वाक्य मराठीत आणतात आणि मी ते फळ्यावर लिहितो. दुसऱ्या दिवशी तेच मूल तीच गोष्ट मराठीत सांगते आणि आम्ही तीही मुद्रित करतो. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कोणत्याही तयार चित्रफितीने मला आजवर दाखवलेले नाही. आपल्या वर्गातल्या गुजराती किंवा तमिळ घरातल्या मुलालाही असेच करता येईल. मधली भाषांतराची पायरी वर्गाने मिळून केली, की ज्यांच्या घरी मराठी आहे त्या मुलांनाही खरे काम मिळते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा पाठ्यपुस्तकांत त्यांनी आणलेल्या क्यूआर कोडची सर्वत्र चर्चा झाली. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा प्रामुख्याने कन्नड होती, गुरुजी ती शिकले आणि पाठ्यपुस्तकाचा मजकूर त्यांनी मुलांच्या भाषेत आणला, हा भाग मात्र फारसा बोलला गेला नाही. माझ्या मते त्या कामाचा पाया तोच होता आणि कोड त्यानंतरचा.

उत्तर : संगणक व मराठी शिकवणारी, पुणे

संगणक कक्षाची एक तासिका मिळते आहे, तर ती इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाला द्यावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. बहुतेक ठिकाणी मुले रोमन अक्षरांत मराठी टंकतात आणि पडद्यावर सुचवलेल्या शब्दांतून एक निवडतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा, ‘त’ आणि ‘ट’ यांचा, जोडाक्षराचा विचार यंत्रच करते. मूल फक्त शब्द ओळखते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘ग’ आणि ‘घ’ एकाच कळीवर, म्हणजे ‘ख’, ‘घ’ असा महाप्राण हवा असेल तर शिफ्ट दाबायची. वर्णमालेची जी रचना मुले पहिलीत नुसती घोकतात, ती येथे बोटांखाली येते. जोडाक्षरासाठी आधी व्यंजन, मग हलन्त, मग पुढचे व्यंजन असा क्रम पाळावाच लागत असल्याने ‘शब्द’ लिहिताना अर्धा ‘ब’ कुठे आहे हे मुलाला नेमके ठाऊक होते. शिवाय हाच आराखडा गुजराती, तमिळ आणि मल्याळम या लिप्यांनाही लागू आहे, त्यामुळे आपल्या वर्गातले प्रत्येक मूल तो घरच्या भाषेसाठीही वापरू शकेल.

पहिले काही आठवडे वेग फार मंद राहतो आणि पालक कुरकुरतात. तेवढा काळ धीर धरावा.

स्मार्ट बोर्डावर आवाजी टंकलेखनही करून पाहावे. मुलाने एक वाक्य बोलावे, ते पडद्यावर उमटावे आणि वर्गाने ते तपासावे. विरामचिन्हे बहुधा नसतात, ‘न-ण’ आणि ‘ल-ळ’ यांची अदलाबदल झालेली असते, एखादा शब्द भलताच आलेला असतो. शिक्षकाने दुरुस्त केलेल्या वहीकडे न पाहणारी मुले यंत्राची चूक मात्र हिरिरीने शोधतात आणि शोधताना नियम सांगू लागतात. ‘ळ’साठी तमिळ आणि मल्याळम घरातल्या मुलांना पुढे बोलवावे. तो उच्चार त्यांच्या भाषांत आहे, प्रमाण हिंदीत नाही. त्यामुळे एरवी मागे राहणारे मूल त्या दिवशी इतरांना शिकवते.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती

वरच्या आवाजी टंकलेखनाच्या उपक्रमाला माझी अंशतः हरकत आहे. आमच्या भागात ‘आनी’, ‘पानी’ असे म्हणणारी मुले घरची भाषाच बोलत असतात. यंत्राने वेगळा शब्द उमटवला म्हणून मुलाचा उच्चार चुकीचा ठरवला, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. तपासायचे ते यंत्राचे लेखन, मुलाचा उच्चार नव्हे, हे शिक्षकाने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले पाहिजे.

दुसरे असे, की आपल्या वर्गाला नाट्यवाचनाची गरज यंत्राइतकीच आहे. पाठातला प्रसंग मुलांनी चौघाचौघांच्या गटांत संवादरूपाने लिहावा आणि म्हणून दाखवावा. निवेदनाचे संवादात रूपांतर करताना काळ, पुरुष आणि क्रियापदांची रूपे आपोआप हाताळली जातात.

उत्तर : मराठी शाळेतील स्वयंसेविका, न्यू जर्सी

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत येणाऱ्या आमच्या मुलांना मराठी समजते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देतात. आम्ही त्यांना भारतातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल करून एकच प्रश्न विचारायला सांगतो, उदाहरणार्थ पूर्वी दिवाळीचा फराळ कसा होत असे. समोरच्या माणसाला इंग्रजी सोयीचे नसले, की मुलाला मराठीची गरज खरोखर भासते. आपल्याकडे एखाद्या ग्रामीण शाळेशी स्मार्ट बोर्डावरून महिन्यातून एकदा संवाद घडवून आणता येईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या सत्रात आधी ध्वनिमुद्रण आणि संगणक कक्षात इन्स्क्रिप्ट अशी सुरुवात करीन. उच्चाराबाबतची सूचना फार महत्त्वाची आहे. नंदुरबारच्या सरांना विनंती : आपल्या वर्गाची तयारी असेल तर आमची मुले आपल्या मुलांना प्रश्न पाठवतील. एकच शंका उरते, या बोलण्याला गुण कसे द्यावेत?

उत्तर : जिल्हा परिषद शिक्षक, नंदुरबार

अवश्य पाठवावेत, रेंज नसेल तेव्हा आम्ही उत्तरे मुद्रित करून तालुक्याच्या गावातून पाठवू. गुणांसाठी आकारिक (म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनातला तोंडी कामाचा भाग वापरावा आणि एका मुलाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्याच पहिल्या आणि शेवटच्या मुद्रणाशी करावी. ती दोन्ही मुद्रणे पालकसभेत ऐकवावीत, म्हणजे गुण कशाचे दिले हे पालकांना वेगळे सांगावे लागणार नाही.