मदत हवी आहे: मशीनच्या आवाजात ऐकता येतील अशा विज्ञानकथा आणि अद्भुतकथा

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईत दिवसाचे आठ-आठ तास मशीनवर जातात. डोळे टाक्यावर, हात कापडावर, मोकळे काय ते कान. गेल्या दिवाळीत मुलीने फोनवर ऑडिओबुकचं अ‍ॅप घालून दिलं आणि शाळेत लागलेलं विज्ञानकथांचं वेड पुन्हा उसळून आलं. आता एका जागी अडलेय, म्हणून विचारतेय. आधी काय काय ऐकलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल.

सगळ्यात आवडलं ते अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी'. साधारण सोळा तासांचं आहे आणि रे पोर्टर एकटा वाचतो. त्यात रॉकी नावाचा परग्रहवासी आहे. तो शब्दांत बोलत नाही, सुरांत बोलतो. छापील पुस्तकात त्या जागी सुरांच्या खुणा आहेत, ऑडिओत मात्र खरेच सूर वाजतात. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी बाहीची गोलाई जोडत होते, पायडलवरचा पाय आपोआप थांबला. नायकाला ती भाषा समजायला लागते तसं आपल्यालाही रॉकीचं बोलणं इंग्रजीत ऐकू येतं, पण मागे सूर हलके राहतातच. हे पुस्तक वाचण्यापेक्षा ऐकावंच, असं माझं ठाम मत आहे.

'ड्यून'चं उलट झालं. कादंबरी १९६५ची, मी ऐकलं ते रेकॉर्डिंग २००७चं. काही प्रकरणांत प्रत्येक पात्राला वेगळा नट आणि मागे संगीत, तर काही प्रकरणं सायमन व्हान्स एकटाच वाचतो. त्यामुळे कथेतला खलनायक बॅरन, त्याचा आवाज मध्येच बदलतो. मी चक्क फोन हातात घेऊन बघितलं, दुसरं पुस्तक तर लागलं नाही ना! व्हान्स वाचतो सुरेखच. तो एकटा असता तर एकवीस तास आनंदाने ऐकले असते. शिवाय नाट्यमय रेकॉर्डिंगमध्ये नट कुजबुजतात, आणि ती कुजबुज मोटरच्या घरघरीत पार बुडते. एकाच माणसाचा सरळ, एका पट्टीतला आवाज मशीनवरही टिकतो.

अद्भुतकथांत माझी खरी अडचण नावांची. 'द हॉबिट' छान जमलं. चित्रपटांत गॉलम हे पात्र साकारणाऱ्या अँडी सर्किसने ते २०२० साली वाचलंय. तेरा बुटके आहेत, पण फिली-किली, ओइन-ग्लोइन, बिफुर-बोफुर-बोंबुर अशी जुळणारी नावं, कानात लगेच बसतात. आणि सगळे एकाच वाटेने निघालेले, त्यामुळे कुठे आहोत हे हरवत नाही. त्याच जोरावर 'अ गेम ऑफ थ्रोन्स' घेतलं. रॉय डॉट्रिसने त्यात २२४ पात्रांना आवाज दिलेत, त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. माणूस थोरच, पण मी सातव्या-आठव्या प्रकरणातच गोंधळले. पुस्तक असतं तर चार पानं मागे जाऊन बघितलं असतं. इथे हात अस्तरात गुंतलेले, मागे जायला फोनला हात लावायचा तर काम थांबवायला लागतं. मापांच्या वहीच्या मागच्या पानावर घराण्यांची नावं लिहून समोर टांगली, तरी बारा तासांवर सोडून दिलं. तुम्ही एवढा गोतावळा कानाने कसा सांभाळता? आधी नकाशा आणि वंशावळ बघून घेता, की पहिले काही तास तसंच वाहू देता आणि पुढे आपोआप लागतं?

आता मुख्य विचारणं. दुपारी आई माझ्याजवळ हातशिलाईला बसते. हूक, काज, तुरपाई सगळं तीच करते. तिला इंग्रजी कळत नाही. मी इअरफोन लावते आणि ती तास न् तास गप्प बसून सुई चालवते, हे मला फार लागतं. म्हणून मराठी विज्ञानकथा स्पीकरवर लावायच्यात, दोघींना मिळून ऐकता येतील अशा. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' मी शाळेच्या वाचनालयातून तीनदा आणलं होतं. त्यांची वाक्यं साधी, सरळ, ऐकायला बेतलेली वाटावीत अशी. तसं काही हवंय. एक मराठी रेकॉर्डिंग लावून बघितलं, पण वाचणाऱ्या बाई 'कृष्णविवर' आणि 'प्रकाशवर्ष' अशा शब्दांवर दर वेळी अडखळत होत्या, वर संगीत इतकं मोठं की आई म्हणाली, "गोष्ट ऐकू की पेटी?"

तर मंडळी, एकच आवाज, मागे संगीत नको, पात्रं दहा-बाराच्या आत, आणि वाचणाऱ्याला विज्ञानाचे शब्द सहज येत असावेत. मराठी असेल तर आधी ते सांगा. आकाशवाणीच्या जुन्या श्रुतिकांत विज्ञानकथा कुणी ऐकल्या असतील तर त्याही चालतील. इंग्रजीत एकट्या वाचकाच्या छोट्या अद्भुतकथा सुचवल्यात तर रात्री मी एकटी शिवत असते तेव्हा ऐकेन. लेखकाच्या नावासोबत वाचणाऱ्याचं नावही नक्की लिहा, एकाच पुस्तकाची दोन-दोन रेकॉर्डिंगं असतात आणि मी दोनदा भलतंच घेऊन बसलेय.

सोमवारपासून एका लग्नाचे अकरा ब्लाउज हातात घेतेय. त्याआधी आईसाठी एक तरी मिळालं तर फार बरं होईल.