आधी सेल बदला, मग रीसेट

पीसी रोज तारीख विसरतो आणि त्यामुळे वेबसाइट सुरक्षा सर्टिफिकेटची चूक दाखवतात, अशा तक्रारीवर काहीजण बायोस (पीसी सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) रीसेट करायला सुचवतात. माझं मत, आधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. हा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल संपला की विजेची वायर काढताच घड्याळ मागे जातं, जुन्या बोर्डांवर तर सेटिंगही. नुसत्या रीसेटने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नवी रॅम घातल्यावर किंवा ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) फसून स्क्रीन काळीच राहिली, तर मात्र क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसच्या सेटिंग पुसणारी मदरबोर्डवरची छोटी पिन-जोडणी) खरंच कामाला येतो. अर्थात वायर काढून.

बायोस उघडत असेल तर साटा मोडचा (डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची त्या सेटिंगचा) फोटो रीसेटआधीच काढा. रीसेटमध्ये हा मोड बदलला तर बहुतेकदा विंडोज सुरूच होत नाही. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय कृपया हात लावू नका.